पहिला दगड कोणता घ्यावा

विजयनगरच्या चौथ्या टप्प्यात घरांची कामं अजून संपलेली नाहीत. म्हैसूरच्या या बाजूला हिनकलकडे जाताना दोन-तीन प्लॉटांआड एक बांधकाम लागतं आणि त्याच्यासमोर रस्त्यावर सामान पसरलेलं असतं: खडी, फरशीचे कापून उरलेले कोपरे, फुटलेलं वॉशबेसिन, काळ्या ग्रॅनाइटच्या अरुंद पट्ट्या. संध्याकाळी कामगार हा राडारोडा एका कडेला लोटून ठेवतात. अश्मयुगातल्या माणसासारखं दगडातून पातं काढायला शिकायचं असं मी ठरवलं, त्यानंतर बरेच दिवस मी रोज या ढिगांवरूनच चालत होतो. पण माझी नजर शोधत होती चकमक, म्हणजे युरोपातली पुस्तकं ज्याला फ्लिंट म्हणतात तो दगड. या विद्येची बहुतेक पुस्तकं इंग्लंड, फ्रान्स किंवा अमेरिकेत लिहिली गेली आणि त्यांतलं पहिलं वाक्य साधारण असंच असतं की चांगला फ्लिंट मिळवा.

म्हैसूरला तो मिळत नाही. खरा फ्लिंट खडूच्या थरांत गाठींच्या रूपात तयार होतो. सफोकमधलं ब्रँडन गाव अशाच काळ्या फ्लिंटवर जगलं. तिथले कारागीर बंदुकीच्या घोड्यात बसवायचे चौकोनी तुकडे हजारोंनी फोडत. १७९९ साली श्रीरंगपट्टणावर चालून आलेल्या इंग्रज पलटणींच्या बंदुकांत ठिणगी पाडणारा दगडही असाच चकमकीचा होता. पण दक्षिण कर्नाटकाच्या जमिनीत खडू नाही, त्यामुळे फ्लिंटही नाही. इथे आहे नाइस आणि ग्रॅनाइट, त्यांत घुसलेल्या डोलेराइटच्या काळ्या भिंती आणि मधूनमधून पांढऱ्या गारेच्या शिरा. चामुंडीची टेकडी सगळी ग्रॅनाइटची.

तेव्हा दगडाचं नाव बाजूला ठेवून त्याचा गुण आधी समजून घ्यावा. ग्रॅनाइटवर घण मारला तर तो फुटतो, पण कुठे फुटेल ते सांगता येत नाही. त्यात अभ्रक, फेल्डस्पार आणि क्वार्ट्‌झ यांचे डोळ्यांना दिसतील एवढे मोठे कण असतात. भेग निघाली की ती या कणांच्या कडांवरून वाट काढते आणि तुटलेला पृष्ठभाग खरखरीत, वेडावाकडा निघतो. काचेचं तसं नसतं. काचेत कणच नाहीत, म्हणून भेगेला अडवणारं किंवा वळवणारं काही नसतं. जाड काचेच्या कडेला टोला बसला की भेग गुळगुळीत वळण घेत जाते आणि सुटलेल्या तुकड्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा लाटा उमटतात. खनिजशास्त्रात याला शंखाभ भंजन म्हणतात. टोल्याच्या जागेखाली एक छोटा फुगवटा येतो. हा फुगवटा आणि या लाटा हीच माणसाच्या हाताची खूण. उत्खननात सापडलेला तुकडा पाण्याने फुटला की माणसाने फोडला हे ठरवताना पुरातत्त्वज्ञ आधी तिथेच बघतात.

म्हणजे दगड बारीक कणांचा हवा, सगळीकडे एकजिनसी हवा, आत जुन्या चिरा नकोत आणि तो ठिसूळ असला तरी भुसभुशीत नको. फ्लिंटमध्ये हे चारही गुण आहेत. पण ते फक्त फ्लिंटमध्येच आहेत असं नाही, आणि आपल्या पठारावरच्या माणसांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती.

बंगळुरूजवळ जलहळ्ळीला के. आर. यू. टॉड यांना सापडलेली सूक्ष्मास्त्रं मुख्यतः गारेची आहेत. त्यांनी ती १९४८ साली प्रसिद्ध केली. (मुंबईच्या कांदिवलीत अश्मयुगीन हत्यारं शोधून काढणारे टॉड ते हेच.) गार हा मोठा हट्टी दगड आहे. तिच्यात आतून चिरा असतात आणि हातात धरून ती नीट सोलता येत नाही. म्हणून एक वेगळी रीत वापरली जाई: गारेचा खडा खाली दुसऱ्या दगडावर उभा धरायचा आणि वरून सरळ टोला द्यायचा. दोन्ही टोकांकडून भेगा निघतात आणि खडा उभ्या फाकांसारखा सुटतो. नवशिक्याने एक दिवस ही रीत जरूर करून बघावी. या कामात कोपराच्या कौशल्यापेक्षा धीर जास्त लागतो.

म्हैसूरपासून तीसेक किलोमीटरवर कावेरी-कपिलेच्या संगमाशी असलेल्या तिरुमकूडल नरसीपूरला म्हैसूर विद्यापीठाच्या एम. शेषाद्रींनी नवाश्मयुगीन वस्ती उघडी केली. म्हैसूर राज्यातल्या दगड वापरणाऱ्या संस्कृतींवरचं त्यांचं पुस्तक १९५६ साली आलं. अशा वस्त्यांतल्या घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडींना गार चालत नाही. तिथे डोलेराइटसारखा काळा, घट्ट, चिवट दगड लागतो. बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूला हिरेगुड्डा टेकडीवर डोलेराइटच्या कुऱ्हाडी करण्याचा जणू कारखानाच होता. तिथे आधी मोठे ढलपे काढून आकार यायचा, मग बारीक टोचे मारून पृष्ठ सपाट व्हायचं आणि शेवटी पाण्यावर घासून धार यायची. कारागिरांनी दगडाचा स्वभाव ओळखून रीत निवडली होती. डोलेराइट काचेसारखी पातळ पाती देत नाही, पण झाडावर घाव घातला तर सहजासहजी तुटतही नाही.

इथे आमच्या वस्तीतल्या त्या काळ्या पट्ट्यांकडे परत येऊ. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ज्याला दुकानदार ब्लॅक ग्रॅनाइट म्हणतात, त्यातला चामराजनगर भागातून येणारा नावाजलेला दगड खरं तर ग्रॅनाइट नसून डोलेराइटच आहे. ओटा बसवताना सिंकसाठी भोक कापतात, तेव्हा मधला तुकडा निघतो. तो फोडायला घेतला की संगनकल्लूच्या कारागिराच्या हाताला काय जाणवत असेल ते कळतं. टोल्यामागून टोला मारला तरी दगड ऐकत नाही. खांदा दुखतो. पण पहिला ढलपा निघाला की त्याची पाठ बघावी: मंद, मखमली, जवळजवळ निळसर. मात्र हा दगड पहिल्या महिन्यात घेऊ नये. त्यावर सुरुवात केली तर हात चुकला की दगड चिवट आहे, हेच कळणार नाही.

सुरुवातीला काच घ्यावी.

बाटलीचा जाड तळ हा मला माहीत असलेला सर्वांत चांगला गुरू आहे. बाटलीत एक जाड बोल्ट टाकून, हातमोजे घालून, ती जाड कापडात गुंडाळून उभी वर-खाली हलवली की बोल्ट आपटून तळ बहुतेक वेळा अखंड सुटतो. काच फुटताना प्रत्येक चूक तिच्यावर लिहून ठेवते: टोला कडेपासून फार आत बसला तर ढलपा जाड आणि आखूड येतो, फार बाहेर बसला तर कडेचा चुरा होतो आणि कोन ९० अंशांपुढे गेला तर भेग आतच विरते. काच वापरल्याने आपण खऱ्या विद्येपासून दूर जातो असं कुणाला वाटत असेल तर तो समज चुकीचा आहे. अंदमानच्या आदिवासींनी किनाऱ्यावर आणि वसाहतीत मिळणाऱ्या बाटल्यांच्या काचेचे ढलपे काढून दाढी केली, अंगावर गोंदलं. ऑस्ट्रेलियात किम्बर्लीच्या लोकांनी बाटलीच्या काचेतून आणि तारेच्या खांबांवरच्या चिनीमातीतून भाल्यांची इतकी देखणी टोकं घडवली की ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. नवा माल दिसल्याबरोबर त्यांनी त्याचा स्वभाव ओळखला.

एक काच मात्र घेऊ नये: टफन केलेली. मोटारीच्या बाजूच्या खिडक्या आणि दुकानांचे काचेचे दरवाजे या काचेचे असतात. तिच्यात ताण मुद्दाम कोंडलेला असतो, त्यामुळे एका टोल्यात तिचे शेकडो बारीक चौकोनी खडे होतात.

काचेनंतर फुटलेलं वॉशबेसिन किंवा कमोडची टाकी. ही चिनीमाती काचेपेक्षा जरा कठीण आणि जरा चिवट असते. तिच्यावरचा चकाकता लेप आधी कुरुंदाच्या दगडाने कडेला घासून काढावा, नाहीतर टोला सरकतो. बेसिन वाकडं असतं, म्हणून त्याच्या वळणाबरोबर ढलपा कसा वाहतो हे शिकायला मिळतं. मी दोन बेसिनांतून एकच बाणाचं टोक काढू शकलो, पण त्या टोकाने मला जे शिकवलं ते पुस्तकांतल्या चित्रांनी शिकवलं नव्हतं.

आणि मग फरशी.

बांधकामावरचा एक मेस्त्री, यादगीरकडचा, एकदा माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मी त्याने फेकलेली फरशी उचलून घेतली होती. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, बोटांच्या टोकावर तोलली, हातोडीच्या दांड्याने एकदा ठोकली आणि बाजूला टाकली. दुसरी घेतली, ठोकली, माझ्या हातात दिली. पहिलीचा आवाज बसका होता, दुसरीचा टणटणीत. “हिच्यात चीर नाही, अण्णा,” एवढंच म्हणाला. दगड निवडण्याचा पहिला धडा मी त्या दिवशी शिकलो. चीर असलेला दगड वाजत नाही. भेगेपाशी आवाज अडतो, तशी पुढे आपली भेगही तिथेच अडणार असते.

ती फरशी शहाबादी होती. पुण्या-सोलापूरच्या जुन्या वाड्यांत जिच्यावर आपण अनवाणी वाढलो तीच राखाडी फरशी. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाने ओळखला जाणारा हा चुनखडक भीमा खोऱ्यात दूरवर पसरलेला आहे. आणि याच चुनखडकाच्या पट्ट्यात, मेस्त्रीच्याच यादगीर जिल्ह्यात, हुणसगी खोऱ्यातलं इसामपूर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या अखेरीस इथे खोदत होते. त्यांना सापडली ती नुसती हत्यारं नव्हती, ती हत्यारं करण्याची जागा होती: चुनखडकाच्या लाद्या, त्यांवरून काढलेले ढलपे, अर्धवट सोडलेल्या हातकुऱ्हाडी आणि मारायला आणलेले कठीण दगडांचे गोटे. तिथे सापडलेल्या प्राण्यांच्या दातांवरून काढलेलं वय सुमारे १२ लाख वर्षं येतं.

मला इसामपूरचं सर्वांत जास्त नवल वाटतं ते तिथल्या दगडाच्या निवडीमुळे. तिथे खडकाचे थर आपणहून लाद्यांसारखे सुटलेले होते, जाड, मध्यम, पातळ. त्या माणसांनी पुढच्या हत्याराचा विचार करून लादी उचलली. पातळ लादी असेल तर तिच्या दोन्ही सपाट बाजू तयारच असतात, फक्त कडेने ढलपे काढले की हातकुऱ्हाड होते. जाड लादीतून आधी मोठा ढलपा काढायचा आणि त्याचं हत्यार करायचं. म्हणजे अर्धं काम दगड उचलतानाच झालेलं होतं. ती आपल्यासारखी माणसंही नव्हती, आपल्या जातीचा माणूस त्यानंतर फार काळाने आला. तरीही जाडी हातात तोलून बघणं, टणक गोटा वेगळा काढणं, या जागेकडे पुन्हा येणं, हे सगळं तिथे आहे. आज अमेरिकेतले छंदी लोक यंत्राने कापलेल्या दगडी पट्ट्या विकत घेतात, कारण सपाट पट्टीवर शिकणं सोपं जातं. ही कल्पना नवीन नाही. निसर्गाने कापून ठेवलेल्या पट्ट्या इसामपूरला होत्या.

फरशीचा तुकडा घेताना मी आता साधारण दोन बोटं जाडीचा, तळहाताएवढा घेतो. आधी ठोकून ऐकतो. मग पाण्यात बुडवून काढतो. ओल्या दगडात चिरा आणि शिरा काळ्या रेषांसारख्या उमटतात. त्यानंतर कोपऱ्यावरून एकच ढलपा काढून ताजी बाजू उन्हात बघतो. गुळगुळीत आणि एकसारखी असेल तर ठेवतो, दाणेदार असेल तर ढिगावर परत. चुनखडक काचेपेक्षा मऊ, त्यामुळे धार लवकर बोथटते, पण ढलपे मोठे आणि संथ निघतात आणि चूक दिसायला वेळ मिळतो. काळा कडप्पा मात्र मी जितक्या वेळा घेतला तितक्या वेळा थरांत सुटला.

यानंतरचं पाऊल म्हणजे घरची आठवण काढणं. महाराष्ट्रातल्या काळ्या कातळात जुने वायूचे बुडबुडे अडकून राहिले. त्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचत गेली आणि अकीक, सूर्यकांत, कॅल्सेडनी तयार झाले. ओढ्याकाठी दुधी, तांबूस, अर्धपारदर्शक खडे मिळतात ते हेच. शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावच्या शेतकऱ्यांनी सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तांबं हाताशी असूनही रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनीची पाती वापरली, कारण तांबं महाग आणि दगड नदीत पडलेला. कॅल्सेडनीचे खडे लहान असतात, म्हणून पातीही बोटभर. इनामगावचे कारागीर खड्याच्या एका बाजूला आधी नागमोडी कणा काढत आणि पहिलं पातं त्या कण्यावरून सोलत. ढलप्याला धावायला वाट आखून दिलेली असते. अकीकावर हात बसायला वर्ष लागलं तरी वाईट वाटून घेऊ नये.

अकीकाचं काम आजही जिवंत आहे ते खंबातला, गुजरातेत. तिथले मणी करणारे कारागीर खडे आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यात, राखेत, मंद आचेवर तापवतात. या तापण्याने दगड ढलपे काढायला सोपा जातो आणि त्याचा रंगही खुलतो. चर्टवर अमेरिकेतल्या डॉन क्रॅबट्रींनी १९६४ साली हेच प्रयोग करून दाखवले, पण खंबातचं ज्ञान त्याहून फार जुनं आहे. घरी करायचं असेल तर खडा पूर्ण कोरडा हवा, राखेत पुरलेला हवा आणि आच चढवायला-उतरवायला एक आख्खा दिवस द्यायला हवा. ओला दगड तापवला तर तो आतल्या वाफेने फुटतो आणि तुकडे उडतात. काच, चिनीमाती आणि फरशी तापवू नये. त्यांना याचा काही फायदा नाही.

मारायला काय घ्यावं? गोल, अंडाकृती नदीचे गोटे, तीन वजनांचे: मुठीएवढा, लिंबाएवढा आणि सुपारीएवढा. हातात घेतल्यावर अंगठ्याखाली टोक नीट बसलं पाहिजे. पुढे मऊ घणाची गरज लागते, तेव्हा बाहेरची पुस्तकं हरणाचं शिंग सांगतात. म्हैसूरहून बंदीपूर आणि नागरहोळे जवळ आहेत, गळून पडलेलं चितळाचं शिंग दिसतं तेव्हा मोह होतो. ते उचलू नये. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने ते आपलं नाही आणि जंगलातलं शिंग उंदीर-साळिंदर कुरतडून खनिजं मिळवतात, त्यांचाच त्याच्यावर हक्क आहे. खंबातचे कारागीर म्हशीच्या शिंगाचा हातोडा वापरतात. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर खडा टेकवून मागून शिंगाने मारतात, म्हणजे ढलपा टोकाच्या बाजूने सुटतो. ही रीत तर शिकाऊ माणसासाठी अगदी उत्तम आहे, कारण टोला कुठे बसणार ते टोकच ठरवतं. शेवटचं बारीक काम दाबून करायचं. त्यासाठी जाड तांब्याची तार लाकडी मुठीत घट्ट बसवली की पुरे. ती विद्युत दुरुस्तीच्या दुकानात भंगारात मिळते.

धुळीबद्दल मात्र हसण्यावारी न्यायचं काही नाही. दगडाच्या भुकटीतली सिलिका फुप्फुसात बसली की पुन्हा निघत नाही. खंबातच्या अकीक कामगारांमध्ये सिलिकोसिस हा जुना, जीवघेणा आजार आहे. काम नेहमी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावं. चांगला मास्क आणि चष्मा चढवावा. मांडीवर जाड चामडं घ्यावं, खाली ताडपत्री पसरावी, आणि घासताना दगड ओला ठेवावा. त्या कपड्यांनी घरात, विशेषतः लहान मुलांजवळ जाऊ नये.

ताडपत्रीवर उरतो तो चुरा आणि ढलपे. ते झुडपात किंवा नदीकाठी फेकू नयेत. खरी हत्यारं मिळणाऱ्या ठिकाणावरून तर काहीच उचलू नये आणि तिथे काही सोडूही नये. पन्नास वर्षांनी एखादी संशोधक मुलगी आपला ढलपा उचलून बघेल आणि तिचा एक दिवस वाया जाईल. मी सगळं एका गोणीत साठवतो आणि परसात खड्डा करून पुरतो. त्यात आजचं एक नाणं टाकतो.

फरशीवरचं पहिलं नीट पातं निघायला मला अडीच महिने लागले. ते मी मेस्त्रीला दाखवायला नेलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं, अंगठ्याने धार चाचपली आणि शेजारच्या सिमेंटच्या गोणीचा दोरा त्याने कापला. दोरा सहज तुटला. “हा तर आमच्याकडचाच दगड,” तो म्हणाला आणि पातं खिशात ठेवून पुढची फरशी ठोकायला बसला.